हो ची मिन्ह सिटीत दुचाकी चालवताना या चुका टाळा

पुण्यात पंधरा वर्षे दुचाकी चालवली असल्यामुळे हो ची मिन्ह सिटीतली रहदारी आपल्याला जड जाणार नाही, असा विश्वास बाळगून मी इथे राहायला आले. नव्याने येणाऱ्या मराठी माणसांमध्येही मला हाच विश्वास दिसतो आणि बहुतेक चुकांचे मूळ त्यातच आढळते. गर्दी आणि हॉर्न ओळखीचे वाटतात, म्हणून नियमही तेच असतील असे मन गृहीत धरते. प्रत्यक्षात व्हिएतनाममध्ये वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात आणि एवढा एकच फरक आपल्या अंगवळणी पडलेली जवळजवळ प्रत्येक हालचाल उलटी करून टाकतो.

गर्दीत हा फरक फारसा नडत नाही, कारण पुढच्या लोंढ्यामागून आपणही आपोआप योग्य बाजूने जातो. तो नडतो रिकाम्या रस्त्यावर. माझ्या दुसऱ्याच आठवड्यात पहाटे साडेपाचला एका गल्लीतून बाहेर पडून डावीकडे वळताना मी सवयीने जवळची कड धरली आणि भाजीच्या टोपल्या लादलेली स्कूटर थेट समोर आली. त्या बाईंनी वेळीच ब्रेक लावला म्हणून आम्ही दोघीही बचावलो. तेव्हापासून गाडी सुरू करण्यापूर्वी मी मनात एकच वाक्य म्हणते: उजवे वळण जवळचे, डावे वळण लांबचे. पेट्रोल पंपावरून किंवा इमारतीच्या आवारातून बाहेर पडतानाही क्षणभर थांबून ही उजळणी करावी, आणि पहिला महिनाभर पहाटे किंवा रात्री उशिरा गाडी काढणेच टाळावे.

आपल्याकडच्या ‘फ्री लेफ्ट’ची सवयही इथे महागात पडते. तिची इथली जुळी बहीण म्हणजे लाल दिवा असताना उजवीकडे वळणे. मात्र वेगळा हिरवा बाण किंवा तशी परवानगी देणारी पाटी नसेल, तर ते सिग्नल तोडणेच ठरते. १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या नव्या तरतुदींनुसार दुचाकीस्वाराला त्यासाठी ४० ते ६० लाख डोंग, म्हणजे साधारण तेरा ते वीस हजार रुपये दंड होतो. त्याआधी तो ८ ते १० लाख डोंग होता. पदपथावरून गाडी नेणे आणि उलट्या दिशेने जाणे यांनाही हाच दंड आहे. त्यानंतर अनेक चौकांत उजव्या वळणासाठी बाणाचे दिवे बसवण्यात आले. मागच्या गाड्या कितीही हॉर्न वाजवोत, बाण दिसेपर्यंत थांबावे.

मला सर्वांत गंभीर वाटणारी चूक रस्त्यावर दिसतच नाही. भारतात आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार दिलेला असतो, तर व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना करारानुसार दिलेला परवाना मान्य करतो. म्हणजे तो कागद जवळ असूनही इथे आपण विनापरवानाच गाडी चालवत असतो. भाड्याने गाडी देणारे दुकानदार बहुधा काहीच विचारत नाहीत, त्यामुळे ही गोष्ट अपघात झाल्यावर आणि विम्याचा दावा अडकल्यावर लक्षात येते. दीर्घ मुदतीचे निवासपत्र असलेल्यांनी भारतीय परवाना अधिकृत भाषांतरासह सादर करून स्थानिक परवाना काढून घ्यावा. नव्या वर्गवारीत ‘ए१’ परवाना १२५ सीसीपर्यंतच्याच दुचाकीला चालतो, हे मोठी गाडी घेण्यापूर्वी ध्यानात ठेवावे. दारूच्या बाबतीत तर २०२० पासून एका घोटाचीही सूट नाही.

इथला लोंढा बेशिस्त भासला तरी त्याला स्वतःची रीत आहे. वेग कमी असतो, प्रत्येकजण आपल्या पुढच्यावर नजर ठेवतो आणि मागचा आपल्याला सांभाळून घेईल असे धरून चालतो. त्यामुळे फट दिसताच त्यात झटक्याने घुसण्याची आपली पद्धत इथे धोक्याची आहे. मागच्या दहाजणांनी बांधलेला अंदाज आपण एका हालचालीत मोडतो. दिशा हळूहळू बदलावी आणि अचानक थांबू नये. पायी रस्ता ओलांडतानाही हेच खरे. प्रथम डावीकडे पाहावे, कडेने उलट येणाऱ्या स्कूटरसाठी उजवीकडेही नजर टाकावी, आणि मग एकाच संथ गतीने चालत राहावे. मध्येच धावणे किंवा मागे फिरणे सर्वांत वाईट, कारण दुचाकीस्वारांनी आपली पुढची जागा आधीच हेरून वाट वळवलेली असते. बस आणि ट्रक मात्र अशी वाट वळवू शकत नाहीत. ते जाईपर्यंत थांबावे. काट लाय बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यांवर कंटेनरच्या उजव्या अंगाला कधीही राहू नये, कारण तो वळू लागला की चालकाला आपण दिसत नाही.

मे ते नोव्हेंबर या पावसाळ्यात सर येताच पुलाखाली थांबलेल्या घोळक्यात आपणही मध्येच गाडी उभी करू नये. कडेला, मागच्यांची वाट मोकळी ठेवून थांबावे. रेनकोटचा घोळ चाकापासून दूर खोचावा आणि त्याने हेडलाइट झाकला जात नाही ना, हे पाहावे. पहिले दोन आठवडे ग्रॅब या अ‍ॅपवरून बोलावलेल्या दुचाकीवर मागे बसून हिंडावे आणि डावे वळण घेताना चालक समोरच्या लोंढ्यात कसा सावकाश शिरतो, ते निरखावे. पोलिसांचा ११३ आणि रुग्णवाहिकेचा ११५ हे क्रमांक फोनमध्ये साठवलेले असावेत. शेजारच्या एखाद्या व्हिएतनामी कुटुंबाचा क्रमांकही हाताशी ठेवावा, कारण अपघाताच्या जागी भाषा येणारे माणूस फोनवर असले तरी मोठा आधार होतो.