दहावीनंतर वॉटरफोर्डला जायचं म्हणता? मग हे वाचा

वॉटरफोर्डला, म्हणजे आफ्रिकेतल्या एस्वातिनी (जुनं नाव स्वाझीलँड) या देशातल्या निवासी शाळेला, अर्ज करायचं डोक्यात असलेली मुलं मला आधी फीचं विचारतात. त्यांच्या आयांचा प्रश्न वेगळा असतो: "मुळशीत तसंच कॉलेज असताना एवढ्या लांब कशाला?" प्रश्न रास्त आहे. पौडजवळचं महिंद्रा कॉलेज 1997 पासून आहे आणि तेही वॉटरफोर्डसारखंच युनायटेड वर्ल्ड कॉलेज या देशोदेशींच्या शाळांच्या कुटुंबातलं. अभ्यास तोच, आयबी डिप्लोमा, म्हणजे अकरावी-बारावीच्या तोडीचा दोन वर्षांचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम. पण एस्वातिनीची राजधानी एम्बाबाने, तिच्या वर डोंगरावर जी शाळा आहे, ती कुणीतरी भांडण काढून उभी केलेली शाळा आहे. तिथे राहायचं तर ते भांडण माहीत असावं लागतं.

दक्षिण आफ्रिकेत 1953 च्या बांटू शिक्षण कायद्याने काळ्या मुलांसाठी मुद्दामच हलकं शिक्षण ठरवून दिलं. मजुरी करणाऱ्याला गणित कशाला, असा सरळ हिशोब. मायकेल स्टर्न हे इंग्रज शिक्षक तेव्हा जोहान्सबर्गला शिकवत होते. सगळ्या वर्णांची मुलं एका वर्गात बसवायला त्या देशात कायद्यानेच वाट नव्हती. म्हणून ते सीमेपलीकडे स्वाझीलँडमध्ये गेले. तो मुलूख तेव्हा ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली होता, वर्णभेदाचे कायदे तिथे चालत नव्हते. 1963 मध्ये 16 मुलं घेऊन शाळा सुरू झाली. इमारती पांचो गेदेस या वास्तुविशारदाने आखल्या. 1967 मध्ये स्वाझीलँडचे राजे सोभुझा दुसरे यांनी 'काम्ह्लाबा' हे नाव दिलं, आणि 1981 मध्ये शाळा युनायटेड वर्ल्ड कॉलेजांत सामील झाली. नेल्सन मंडेला तुरुंगात असताना त्यांच्या मुली, झेनानी आणि झिंद्झी, इथे शिकल्या. वर्णभेदाविरुद्ध लढणारे धर्मगुरू डेझ्मंड टुटू यांची मुलं इथे होती, बोत्स्वानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांचीही. खामांनी 1948 मध्ये गोऱ्या इंग्रज बाईशी लग्न केलं म्हणून ब्रिटिशांनी त्यांना काही वर्षं मायदेशी येऊ दिलं नव्हतं. त्यांच्या मुलांना ही शाळा का हवीशी वाटली असेल, हे वेगळं सांगायला नको.

आता हा इतिहास मुलाखतीसाठी पाठ करू नका. निवड भारतातल्या राष्ट्रीय समितीमार्फत होते आणि समोर बसलेल्या मंडळींनी मंडेलांचं नाव ऐकून ऐकून कान किटवून घेतलेले असतात. त्यांना तुमच्या गावचं ऐकायचं असतं. तुमच्या वस्तीत पाणी कुणाच्या विहिरीवरून भरतात, शाळेत कोण कुणाशेजारी बसत नाही, यावर तुमचं काय म्हणणं आहे. तालुक्याच्या गावातली मुलं इथे मागे पडतात असं मला वाटत नाही, उलट सांगण्यासारखं त्यांच्याकडे जास्त असतं. इंग्रजी अडखळलं तरी चालतं.

कॉलेजांचा पसंतीक्रम देता येतो, पण शेवटचा शब्द समितीचा. शिष्यवृत्ती घरच्या ऐपतीवर ठरते, तेव्हा उत्पन्नाचे कागद आधीच जमवायला लागा.

तिथे पोचल्यावर खोलीत कोण भेटेल याचा नेम नाही. माझ्या खोलीत सोवेटोची, म्हणजे जोहान्सबर्गजवळच्या काळ्या लोकांच्या वस्तीतली, एक मुलगी होती. तिच्या आजीला वर्णभेदाच्या काळात शहरात पाऊल टाकायला पासबुक, म्हणजे काळ्या लोकांसाठीचं सरकारी परवान्याचं पुस्तक, जवळ ठेवावं लागायचं. शिक्का नसला की रात्र कोठडीत. आजी ते पासबुक अजून बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवते, असं ती एका रात्री सांगत होती. मग तिने सहज विचारलं, "तुमच्याकडे असं काही होतं का?" मी आमच्या गावच्या घराच्या मागच्या पडवीतल्या वेगळ्या कपबशीचं सांगितलं. ती कुणासाठी होती, कोण विसळायचं, आम्हा मुलांना काय सांगितलेलं होतं. ती उठून बसली. "कायदा नसताना?" या दोन शब्दांवर आमची पहाटेपर्यंत बोलाचाली चालली. तुम्हालाही हा प्रश्न येणार. 'आमच्याकडे आता तसं काही नाही' म्हणून सुटता येत नाही, कारण समोरची मंडळी त्या वाक्याच्या सगळ्या आवृत्त्या ऐकूनच मोठी झालेली असतात.

गांधींवरूनही जुंपते. आपण त्यांना आफ्रिकेचे नायक समजून जातो. तिथली मुलं त्यांनी तरुणपणी आफ्रिकी लोकांबद्दल लिहिलेलं वाचून आलेली असतात. 2018 मध्ये घाना विद्यापीठातून गांधींचा पुतळा हलवला, तो याच कारणाने. रागवायचं कारण नाही. जाण्याआधी तेवढं वाचून जा.

समाजकार्य सक्तीचं आहे आणि ते फोटोपुरतं नसतं. एस्वातिनीत प्रौढांपैकी जवळपास चारातला एक एचआयव्हीसह जगतो, त्यामुळे आजीआजोबांच्या हाताखाली वाढणारी पोरं आसपास पुष्कळ. त्यांना गणित शिकवायला जाताना मनात दयाबिया असेल, तर ती पोरं ते लगेच ओळखतात.

जेवणात मक्याच्या पिठाचं घट्ट पॅप असतं, आपल्या उकडीच्या जवळ जाणारं, फक्त हिरवी मिरची आणि लसणाशिवाय. गोडा मसाला नेलात तर खोलीत मित्र वाढतात. स्वेटर हवाच, जून-जुलैत थंडी कडक पडते, आणि पावसाळा डिसेंबर-जानेवारीत. जोहान्सबर्गहून रस्त्याने जाणार असाल तर दक्षिण आफ्रिकेच्या व्हिसाचं आधी पक्कं करा, पालकांचं संमतीपत्र हातातल्या बॅगेत ठेवा.

सगळ्यात जास्त डोकेदुखी कॅलेंडरची. वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि आयबीची परीक्षा नोव्हेंबरमध्ये. म्हणजे दहावीच्या निकालानंतर अर्धं वर्ष मोकळं. बरेच जण अकरावीला नाव घालून ठेवतात. मला विचाराल तर ते महिने इंग्रजी लिखाणावर घालवा, कारण आयबीत 4000 शब्दांचा निबंध स्वतःच्या हिमतीवर लिहायचा असतो आणि आपल्या बोर्डाने त्याची सवय लावलेली नसते. शेवटीही तेच. परीक्षा नोव्हेंबरमध्ये संपते, भारतातले प्रवेश मात्र जून-जुलैत, आणि अमेरिकेत वर्ष सुरू होतं ऑगस्टमध्ये. अमेरिकेला जाणाऱ्यांना डेव्हिस शिष्यवृत्तीचा, म्हणजे युनायटेड वर्ल्ड कॉलेजांतून शिकलेल्यांना तिथल्या विद्यापीठांत मिळणाऱ्या मदतीचा, मोठा आधार असतो.

डॉक्टर व्हायचं असेल तर एक गोष्ट कागदावर लिहून ठेवा. नीटसाठी भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र तिन्ही लागतात, आणि आयबीच्या नेहमीच्या चौकटीत तीन शास्त्रं बसत नाहीत. खास परवानगी काढावी लागते. विषय निवडायच्या आधीच शाळेला पत्र टाका. पहिली सत्रपरीक्षा झाल्यावर कुणी ऐकून घेत नाही.