आजी-आजोबांनी भेटीसाठी अर्ज केला, तर एकट्या आईने काय करावे

नातवंडांना भेटण्याचा स्वतंत्र हक्क आजी-आजोबांना देणारे कलम आपल्याकडे नाही. तरी सोलापूरच्या कौटुंबिक न्यायालयाची नोटीस आली, तर ती घ्या आणि तारखेला हजर राहा. नोटीस नाकारली म्हणून प्रकरण थांबत नाही, उलट एकतर्फी आदेश होतो.

अर्ज बहुधा १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली असतो. कलम ९ प्रमाणे मूल नेहमी जिथे राहते तिथलेच न्यायालय लागते. मूल तुमच्याबरोबर पुण्यात राहत असेल तर ही हरकत पहिल्याच उत्तरात घ्या. हिंदू कुटुंबात वडिलांच्या पश्चात आईच नैसर्गिक पालक. पण निर्णय ठरतो मुलाच्या हितावर, त्यामुळे सासरचा जाच सांगून भेट क्वचितच अडते. मुलाला त्रास झाल्याचा शाळेचा किंवा डॉक्टरांचा कागद जोडा.

सरसकट नकारापेक्षा आपणच वेळ सुचवलेली बरी: महिन्यातून दोन रविवार, दोन तास, आईसमक्ष, मुक्काम नाही, परीक्षेच्या आठवड्यात सुट्टी.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठा. महिलांना उत्पन्नाची अट नाही. सोलापूरच्या अंतिम आदेशावर अपील ३० दिवसांत, आता मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे.