शिसवी गिटारची रंध्रं भरताना या चुका टाळा

गिटारची पाठ एप्रिलात आरशासारखी दिसते आणि गणपती येईपर्यंत तिच्यावर बारीक खळगे उमटतात, तेव्हा दोष लाखेच्या पॉलिशचा नसतो. रंध्रं अर्धवट भरलेली असतात. माझ्या पहिल्या शिसवी गिटारचं असंच झालं. सगळं पॉलिश खरवडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

शिसव आणि महोगनी ही उघड्या रंध्रांची लाकडं. झाडात पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या रंध्यात कापल्या जातात आणि पृष्ठभागावर लांबट चिरा उरतात. वरची पाटी बहुधा स्प्रूसची असते आणि त्या लाकडात अशा नळ्याच नसतात. तरी नवखे लोक तिच्यावरही फिलर, म्हणजे रंध्रं भरायचा लेप, चोळतात. भरायला काही नसतं, उलट रंग मऊ रेषांत बसून पाटी मळकट होते. मेपललाही फिलर लागत नाही.

पाण्यात किंवा थिनरमध्ये कालवलेला फिलर सुकताना आकसतो, म्हणून एका हातात काम कधीच होत नाही. रेषांना तिरका ओढून भरा, पूर्ण सुकू द्या, घासा, परत भरा. भरण्याआधी ब्रश किंवा व्हॅक्यूमने चिरांमधली धूळ काढा, नाहीतर फिलर धुळीवरच बसतो. इपॉक्सी (दोन भाग मिसळल्यावर कडक होणारा राळेचा लेप) फारसा आकसत नाही, म्हणून शिसवीला मी आता तोच वापरतो. जुन्या एटीएम कार्डाने खरवडून दोन थर देतो आणि प्रत्येक थराला किमान एक दिवस ठेवतो. घासताना पॉलिश पेपर ठोकळ्याला गुंडाळलेलाच हवा. मग पाठ खिडकीकडे तिरकी धरून पाहा. घासूनही चकाकणारे ठिपके म्हणजे अजून खोल राहिलेली जागा. घासताना लाकूड उघडं पडलं तर तिथे फिकट चट्टा दिसतो. अशा वेळी शेवटी इपॉक्सीचा अगदी पातळ हात सगळीकडे फिरवला की रंग एकसारखा होतो.

सर्वांत जास्त जीव जाळणारी चूक वेगळीच आहे. शिसवीचा जांभळट तपकिरी रंग स्पिरिटमध्ये विरघळतो. स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेत भिजवलेली कापडी पुरचुंडी पाठीवरून सरळ कडेच्या पांढऱ्या मेपल पट्टीवर गेली की पट्टी कायमची डागाळते. म्हणून आधी त्या पट्टीवर आणि स्प्रूसवर पातळ लाखेचे दोन हात ब्रशने द्या, आणि ते सुकल्यावरच शिसवीला हात लावा. शिसवीवर थेट तेलाचं व्हार्निश लावू नका. या लाकडातल्या तेलकट घटकांमुळे ते आठवडे गेले तरी चिकट राहतं. मधे लाखेचा थर असला की ही अडचण येत नाही.

प्यूमिस पावडरने, म्हणजे ज्वालामुखीच्या सच्छिद्र दगडाच्या भुकटीने, रंध्रं भरत असाल तर चिमटीपेक्षा जास्त घेऊ नका. पावडर लाखेत भिजली की पारदर्शक होते, कोरडी राहिली की पांढरे ठिपके दिसतात. ठिपके दिसलेच तर पावडर थांबवा आणि थोडं स्पिरिट लावलेली पुरचुंडी फिरवा.

भर पावसाळ्यात लाख चढवणं टाळाच. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि पांढरट झाक येते. विरघळवून ठेवलेली जुनी लाख आधी काचेवर लावून पाहा. दुसऱ्या दिवशीही चिकट लागली तर फेकून द्या.

वरच्या पाटीवर नंतर घोडी, म्हणजे तारा अडकवायची पट्टी, सरसाने चिकटवायची असते; ती जागा लाख लावण्याआधी टेपने झाकायला विसरू नका. स्टीलच्या तारांचा ताण सुमारे ७० किलो असतो, आणि सरस कोऱ्या लाकडालाच घट्ट धरतो.