जर्मनीत एक सेमिस्टर करताय? रिटर्न तिकीट घाईत काढू नका

एका सेमिस्टरसाठी जर्मनीला जाणाऱ्या सगळ्यांना कळकळीने सांगतेय, तिकडे लेक्चरला बसलं म्हणजे परीक्षेला बसता येतंच असं नाही. बऱ्याच युनिव्हर्सिट्यांमध्ये परीक्षेचं रजिस्ट्रेशन वेगळं करावं लागतं, त्याची शेवटची तारीखही वेगळी, आणि ती हुकली की सेमिस्टरभर घासूनही क्रेडिट मिळत नाहीत, म्हणून पहिल्याच आठवड्यात इंटरनॅशनल ऑफिसला जाऊन एक्स्चेंजवाल्यांची पद्धत नीट विचारून घ्या.

विंटर सेमिस्टर बहुतेक युनिव्हर्सिट्यांत कागदोपत्री ऑक्टोबर ते मार्च असतं. लेक्चर साधारण फेब्रुवारीत संपतात पण पेपर बरेचदा त्यानंतर असतात, त्यामुळे तारखा कळेपर्यंत परतीचं तिकीट थांबवा किंवा तारीख बदलता येईल असं घ्या.

दुसरं म्हणजे लर्निंग ॲग्रीमेंट, म्हणजे तिकडे कोणते विषय घेणार याचा लेखी करार. पूर्ण सेमिस्टरचे 30 ईसीटीएस (युरोपातले क्रेडिट) धरतात, त्यातले इकडे किती आणि कोणत्या विषयांच्या बदल्यात धरणार ते आपल्या एचओडींकडून निघायच्या आधी लेखी घ्या हं, तोंडी नको. तिकडे विषय बदलला तर लगेच मेल करून परत होकार घ्या, आणि प्रत्येक विषयाचा सिलॅबस पीडीएफमध्ये सेव्ह करून ठेवा.

बाकी घरात राहायला गेल्यावर 2 आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते, त्याला घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. मोठ्या शहरांत अपॉइंटमेंट पटकन मिळत नाही, त्यामुळे राहायची जागा पक्की झाली की इकडूनच ऑनलाइन बुक करून टाका.