संग्रहालयाची सहल फसते कुठे? शिक्षकांनो, या चुका टाळा

पहिल्यांदा सातवीच्या नव्वद मुलांना संग्रहालयात नेलं, तेव्हा सव्वा तासात तिन्ही मजले उरकले. पुढे मी, मागे पीटीचे सर, त्यांच्या गळ्यात शिट्टी. परतताना बसमध्ये विचारलं, "काय आवडलं?" सगळ्यात जास्त मतं पेंढा भरलेल्या वाघाला. शिल्पं, लघुचित्रं यांचं कुणी नावही काढलं नाही. तेव्हा मी मुलांवर चिडले होते. आता वाटतं, त्या धावपळीत वाघ तरी लक्षात राहिला हेच नशीब.

सगळं दाखवायचा हट्ट

बाकीच्या बहुतेक चुका या एकीच्या पोटातून निघतात. "एवढं भाडं भरून आलोय, तर सगळं बघूनच जाऊ" असं म्हटलं की पाहणं संपतं आणि चालणं सुरू होतं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातली एक पाहणी २००१ साली प्रसिद्ध झाली. तिथे हौसेने आलेली मोठी माणसंसुद्धा एका चित्रासमोर सरासरी २७ सेकंद थांबत होती. मग पाठीमागून "चला, चला" ऐकणाऱ्या पोरांचं काय होणार?

चार वस्तू निवडा. फार तर पाच. पंधरा-पंधराचे गट करा आणि प्रत्येक वस्तूसमोर मुलांना चक्क खाली बसवा. वस्तू कुठल्या हे ठरवायला आधी एकदा स्वतः जाऊन या. हे आपण टाळतो, कारण रविवार जातो.

भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात (ते १८७२ साली लोकांसाठी खुलं झालं) सगळे वर्ग इमारतीकडे धावतात आणि बाहेरचा दगडी हत्ती मागे राहतो. मी निम्मा वेळ तिथेच घालवते. हा मूळचा घारापुरी बेटावरचा. पोर्तुगीजांनी घारापुरीला 'एलिफंटा' म्हटलं ते याच हत्तीवरून. १८६४ साली इंग्रजांनी त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला. उचलताना क्रेन तुटली, हत्तीचे तुकडे झाले आणि पुढे ते जोडून तो उभा केला. सांधे कुठे दिसतात ते शोधा, एवढा दगड बोटीत कसा चढवला असता ते सांगा, आणि तो न्यायचा हक्क कुणाला होता? या शेवटच्या प्रश्नावर आठवीची मुलं अर्धा तास भांडू शकतात. भांडू द्या.

पाटी उतरवून घेणं

"वहीत माहिती लिहून घ्या" म्हटलं की मुलं वस्तूकडे पाठ करून पाटीवरचा कालखंड आणि दगडाचा प्रकार उतरवतात. वही भरते, पालक खूश होतात. पाटी शेवटी वाचायची, असा नियमच करा. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात घरगुती वस्तूंचा खजिना आहे. तिथली वज्री दाखवून विचारा, हे काय असेल? खेळणं, शिक्का, खवणी, काहीही उत्तरं येतात. मग कळतं की याने पाय घासायचे. अडकित्त्यांपुढेही तीच गंमत, कारण शहरातल्या कित्येक घरांतून सुपारीच हद्दपार झालीय.

उत्तर आपल्या खिशात ठेवून प्रश्न विचारणं

"किती सुंदर आहे ना?" यावर मूल "हो बाई" म्हणणार, दुसरं काय! न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात शिक्षण विभाग सांभाळणारे फिलिप येनवाइन आणि मानसशास्त्रज्ञ अ‍ॅबिगेल हाउसेन यांनी चित्र वाचायची एक साधी पद्धत बसवली. तिच्यातले तीन प्रश्न मी आपल्या भाषेत असे विचारते : इथे काय चाललंय? कशावरून म्हणतोस? आणखी काय दिसतंय? जीव आहे तो मधल्या प्रश्नात. मातीच्या एका छोट्या पुतळ्याबद्दल माझ्या वर्गातली एक मुलगी म्हणाली, "हा माणूस दमलाय." कशावरून? "एका पायावर सगळा भार टाकलाय, बसस्टॉपवर पप्पा टाकतात तसा." एरवी ही मुलगी तासाला तोंड उघडत नाही.

उत्तर आलं की लगेच "शाब्बास" म्हणू नका, बाकीचे थांबतात. आणि प्रश्न विचारल्यावर जी शांतता पसरते ती सोसा. मला अजून जमत नाही.

हसणाऱ्या मुलांना पुढे ढकलणं

उघड्या अंगाच्या शिल्पापुढे मुलं फिदीफिदी हसतात आणि आपण घाईने दालन बदलतो. म्हणजे इथे काहीतरी घाणेरडं आहे, यावर शिक्कामोर्तब आपणच करतो. आदल्या दिवशी वर्गातच बोलून घ्या. आपल्या शिल्पकारांनी पुष्कळदा वस्त्र इतकं तलम दाखवलंय की ते नुसत्या रेघांवरून ओळखायचं. "किनार कुठे संपते ते शोधा" म्हटलं की हसू विरतं, कारण डोळ्यांना काम मिळतं.

मोबाइल

लिंडा हेन्केल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेतल्या एका संग्रहालयात विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. अख्ख्या वस्तूचा फोटो काढला की ती कमी आठवत होती. एखादाच भाग झूम करून टिपला तर स्मरण तितकं घसरत नव्हतं. म्हणून गटाला एकच फोन, आणि फोटो फक्त तपशिलांचे. त्याहून बरी पेन्सिल. (पेन बहुतेक दालनांत चालत नाही.) मात्र एलिमेंटरी-इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसणाऱ्या पोरांना पूर्ण चित्र काढायला बसवू नका, ती खोडरबर शोधण्यात वेळ घालवतात. एक हात किंवा एक चुणी, पाच मिनिटं, बस्स.

किरकोळ पण दिवस बुडवणाऱ्या गोष्टी : भाऊ दाजी लाड बुधवारी बंद असतं, मुंबईचं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सोमवारी. डबे कुठे खायचे ते आधी विचारा. संग्रहालयाच्या शिक्षण विभागाला फोन करून वर्गात कोणता धडा चालू आहे ते सांगा, नाहीतर ठरलेली फेरी पदरी पडते.

आणि मुंबई-पुणेच हवं असं नाही. सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या श्री भवानी संग्रहालयात राजा रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत आणि हेन्री मूरचं शिल्पही.

परत आल्यावर 'आमची सहल' हा निबंध मी बंद केलाय. त्याऐवजी घरातली एक जुनी वस्तू आणायची आणि तिची पाटी लिहायची. गेल्या खेपेस एका मुलाने गंजलेली किल्ली आणली होती. पाटीवर लिहिलं होतं : "किल्ली. लोखंड. कुलूप हरवलं. आजी तरी टाकू देत नाही."