जुन्या ट्रकचा चाकाचा नट सुटत नसेल तर आधी आटे बघा

जुन्या अवजड ट्रकच्या डाव्या चाकांचे नट सुटत नाहीत, म्हणून पान्याला लांब पाइप लावून जोर दिला जातो आणि स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा, तुटतो. बऱ्याचदा कारण गंज नसून उलटे आटे, म्हणजे नेहमीच्या उलट दिशेने सुटणारे आटे, असतात. चालत्या गाडीत नट आपोआप सैल होऊ नयेत म्हणून डाव्या बाजूला असे आटे देत असत.

१. स्टडचं टोक तारेच्या ब्रशने घासा. मातीच्या आणि रंगाच्या थराखाली एल किंवा आर हे रोमन अक्षर कोरलेलं सापडतं. एल म्हणजे उलटे आटे.

२. अक्षर झिजलं असेल तर नटाबाहेर दिसणाऱ्या आट्याच्या खाचेत नख ठेवा आणि घड्याळाच्या काट्यांसारखं फिरवा. नख चाकाकडे आत गेलं तर आटे नेहमीचे, तुमच्याकडे बाहेर आलं तर उलटे. मला ही खूण अक्षरापेक्षाही भरवशाची वाटते.

३. गंज सोडवणारं तेल आदल्या रात्री सोडा.

४. चाक जमिनीवर टेकलेलं असतानाच नट ढिले करा. उलटे आटे घड्याळाच्या दिशेने सुटतात.

मागच्या जोडचाकांना आत आणखी एक टोपीसारखा नट असू शकतो. बसवताना आधी तो घट्ट करा, मग बाहेरचा.

फक्त बाजू बघून ठरवू नका. इतक्या वर्षांत कुणी हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) किंवा स्टड बदललेले असतात, त्यामुळे प्रत्येक स्टड तपासा. चाक बसवल्यावर ८० ते १६० किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा आवळा.