रिसर्च मेथडॉलॉजी पाठ करू नका, एक छोटा प्रश्न घ्या आणि करून बघा

टीवायला किंवा आता नवीन शैक्षणिक धोरणात चौथ्या वर्षाला रिसर्च प्रोजेक्ट आला की बरीच मुलं आधी नोट्समधून संशोधनाचे प्रकार पाठ करतात, आणि मग एक गूगल फॉर्म बनवून सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून देतात. यातून मेथडॉलॉजी येत नाही हो. यूजीसीच्या २०२२ च्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के किंवा जास्त असतील तर चौथ्या वर्षी ऑनर्स विथ रिसर्च घेता येतं, त्यात १२ क्रेडिट प्रोजेक्टचेच असतात, म्हणजे एफवाय-एसवायपासूनच हात बसवायला हवा.

सगळ्यात आधी प्रश्न लहान करा. "ग्रामीण विद्यार्थिनींच्या शैक्षणिक समस्या : एक अभ्यास" हा टॉपिक ऐकायला भारी वाटतो पण तो चार महिन्यात कुणालाच होणार नाही. त्याऐवजी असं घ्या, आपल्या कॉलेजला एसटीने येणाऱ्या मुलींचं सकाळचं पहिलं लेक्चर आठवड्यातून किती वेळा चुकतं आणि का? आता कुणाला विचारायचं, काय मोजायचं, कुठे जायचं हे सगळं त्या प्रश्नातूनच निघतं. आणि लगेच ठरवा की "चुकलं" म्हणजे काय, दहा मिनिटं उशीर झाला तर धरायचं की हजेरी लागली नाही तरच धरायचं, कारण हे ठरलेलं नसेल तर प्रत्येक मुलगी आपापल्या अर्थाने उत्तर देईल आणि शेवटी तुमच्या आकड्यांना काही अर्थ राहणार नाही.

मग वाचन. शोधगंगा या वेबसाइटवर भारतातल्या विद्यापीठांचे पीएचडीचे प्रबंध फुकट वाचायला मिळतात, पण अख्खा प्रबंध वाचत बसू नका, आधी मेथडचं प्रकरण आणि शेवटची संदर्भसूची बघा. प्रत्येक संदर्भासाठी वहीत तीन रकाने करा, त्यांनी काय विचारलं, कसं शोधलं, काय सुटलं. तिसरा रकानाच तुमच्या कामाचा. संदर्भ सांभाळायला झोटेरो नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, पहिल्या दिवसापासून वापरा. चॅटजीपीटीने दिलेला संदर्भ प्रत्यक्ष उघडून पाहिल्याशिवाय घेऊ नका, अस्तित्वातच नसलेले पेपरही तो छान नावानिशी देतो.

आता सॅम्पल, म्हणजे सगळ्यांऐवजी ज्या थोड्यांना निवडून विचारायचं ते, कारण खरं घोडं इथेच अडतं. १९३६ साली अमेरिकेत लिटररी डायजेस्ट नावाच्या मासिकाने राष्ट्राध्यक्ष निवडणुकीसाठी जवळपास १ कोटी लोकांना पत्रिका पाठवल्या, २४ लाखांच्या आसपास परत आल्या, त्यावरून त्यांनी लँडन हा उमेदवार जिंकणार असं छापलं आणि प्रत्यक्षात त्याच्याविरुद्ध उभे असलेले रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकले. झालं असं की बरीचशी नावं टेलिफोन डिरेक्टरी आणि मोटारींच्या नोंदणीतून घेतली होती, मंदीच्या काळात फोन आणि गाडी ज्यांच्याकडे होती ते लोक बाकीच्यांसारखे नव्हतेच, शिवाय पत्रिका परत पाठवणारे आणि न पाठवणारे यांच्यातही फरक होता. त्याच वेळी जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलपने कितीतरी कमी लोकांना विचारून निकाल बरोबर सांगितला. तुमच्या फॉर्मचंही तेच होतं, ज्या मुलीकडे डेटापॅक नाही ती उत्तरातच येत नाही, आणि नेमका तिचाच प्रश्न तुम्हाला अभ्यासायचा असतो!

म्हणून आधी यादी मिळवा. एसटीने येणाऱ्या मुलींची नावं वर्गावर्गात फिरून काढा, समजा १२० निघाल्या आणि तुम्हाला ४० हव्यात, तर १ ते ३ मधली एक चिठ्ठी उचला आणि तिथून दर तिसरं नाव घ्या. मैत्रिणी सोप्या पडतात म्हणून त्यांनाच विचारायचं नाही. एखादी भेटली नाही तर दुसऱ्या दिवशी परत जा, पटकन दुसरी धरू नका.

प्रश्न विचारताना उत्तर तोंडात घालू नका. "एसटीच्या गैरसोयीमुळे तुमचं नुकसान होतं का?" याला सगळ्याच हो म्हणणार. "मागच्या आठवड्यात पहिल्या लेक्चरला किती दिवस वेळेत पोचलात?" असं विचारा, आणि शक्य असेल तर परवानगी घेऊन मस्टरशी ताडून बघा. फॉर्म तयार झाला की आधी चारपाच जणींवर पायलट करा, म्हणजे फॉर्मची चाचणी घ्या, यादीबाहेरच्या चालतील, कुठे त्या अडखळतात ते बघा आणि तो प्रश्न बदला. माहिती कशासाठी घेतोय ते सांगा, नाव न लिहिता कोड नंबर द्या, कुणी नाही म्हणाली तर नाही.

अजून एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, डेटा गोळा करण्याआधीच, शेवटी आकडे ज्यात भरायचे ती टेबलं रिकामी काढून ठेवा. जो प्रश्न कुठल्याच टेबलात जात नाही तो काढून टाका, फॉर्म निम्मा होतो. नंतर एक्सेलचं पिव्हट टेबल पुरतं, एवढ्याशा कामाला एसपीएसएससारखं संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर लागतंच असं नाही. लांबच्या गावच्या मुलींना मार्क कमी दिसले तर लगेच "एसटीमुळे" लिहू नका, त्या मुलींना घरी कामही जास्त असू शकतं, ते विचारलं होतं का ते बघा.

लिहिताना मेथडचं प्रकरण सगळ्यात आधी लिहा, फील्डवर असतानाच, तारखेसकट, किती जणी भेटल्या आणि किती नाही भेटल्या तेही. मर्यादांमध्ये "वेळ कमी होता" एवढंच लिहून सोडू नका, न भेटलेल्या मुली कोण होत्या आणि त्यांच्यामुळे उत्तर कुठल्या बाजूला झुकलं असेल ते लिहा, एक्स्टर्नल व्हायवाला तिथे विचारू शकतात.